एकतीस नंबरचा कोट

आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा सगळ्यांना फुकटात शूर होता येतं. हेड ऑफिसमधून एक साहेब येतात, जाड चष्म्याचे, काखेत छापील कागदांचा गठ्ठा. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्हाला कँटीनमधल्या लांब टेबलांवर बसवतात आणि प्रत्येकीपुढे एक फॉर्म येतो. सात प्रश्न असतात. पहिले तीन नाव, नंबर, खोली असले. चौथा असा, की गॅस गळती होण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? फार, थोडी की नाहीच? आणि शेवटचा, सातवा: सहकारी आत अडकली आहे असे कळल्यास तुम्ही काय कराल?

सातव्याखाली चार ओळी कोऱ्या असतात. त्या चार ओळींत आमच्याकडच्या बायका काय काय पराक्रम करतात ते वाचण्यासारखं असतं. माझं उत्तर ठरलेलं होतं. ‘जिवाची पर्वा न करता आत जाईन आणि तिला बाहेर काढीन.’ त्यातलं ‘जिवाची पर्वा न करता’ हे माझं स्वतःचं. निम्म्या बायका दरवर्षी ते माझ्या कागदावरून उतरवून घ्यायच्या आणि मी मोठेपणाने कागद जरा तिरका धरायचे.

कारखाना म्हणजे शीतगृह. मटार, मका, फळांच्या फोडी गोठवायच्या, पिशव्यांत भरायच्या आणि रॅकवर लावायच्या. गोठवायच्या चार खोल्या आहेत, आत उणे अठरा. ती थंडी अमोनियावर तयार होते. अमोनिया पाइपात असेपर्यंत बिचारा गरीब असतो, बाहेर आला की डोळे आणि छाती जाळत जातो. तेव्हा मला तिथे चौदा वर्षं झाली होती आणि चौदा वर्षांत तो एकदाही बाहेर आलेला नव्हता. म्हणून चौथ्या प्रश्नाला आम्ही सगळ्या ‘थोडी’वर खूण करायचो. ‘नाहीच’ म्हटलं तर साहेब भाषण देतात, ‘फार’ म्हटलं तर आपल्यालाच भीती वाटते.

माझी जाऊ पण तिथेच होती. घरात तिला थोरली म्हणायचे, मला धाकटी, आणि तीच नावं कारखान्यात चिकटली. तोंडावर मी तिला ताई आणि तुम्ही म्हणायचे, पाठीमागे ती आणि थोरली. आमची घरं एकाच भिंतीची, मागचा नळ सामाईक, कपडे वाळत घालायची दोरी सामाईक, आणि त्या दोरीवरून आमची आठवड्यातून दोनदा तरी वाजायची. थोरली हळू बोलायची, हळू चालायची, पाल दिसली तरी खुर्चीवर चढायची. रात्री वारा सुटला की तिच्या घरातला दिवा लागायचा. आमचे हे म्हणायचे, वहिनी स्वतःच्या सावलीला पण विचारून पाऊल टाकते. मला तिचा राग यायचा. ती खरं बोलायची, हेही एक कारण होतं.

त्या वर्षी साहेबांनी एक नवीन खोड काढली. फॉर्म गोळा केल्यावर ते तिथेच उभे राहून सातवी उत्तरं मोठ्याने वाचायला लागले, नावं न घेता. ‘धावत आत जाईन.’ ‘मैत्रिणीला सोडून जाणार नाही.’ माझं ‘जिवाची पर्वा न करता’ अकरा वेळा आलं. मी मान खाली घालून हसत होते. मग त्यांनी एक कागद वाचला.

“आत जाणार नाही. मला भीती वाटते. बाहेर जाऊन सांगेन.”

सगळं कँटीन खदखदून हसलं. नाव सांगायची गरजच नव्हती. थोरली कानापर्यंत लाल झाली होती आणि टेबलावरचा पाण्याचा डाग बोटाने पुसत होती.

साहेबांनी हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली. “हे एकच उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले. “मास्क नाही, हवेचा सिलेंडर नाही, आत जाऊन करणार काय तुम्ही? एकाऐवजी दोघांना उचलायला लागेल. आपल्याकडे दोन माणसं सिलेंडर लावून आत जायला शिकलेली आहेत. तुमचं काम एवढंच, तोंड उघडायचं. कोण आत आहे ते सांगायचं.”

कोणीतरी मागून म्हणालं, “साहेब, मास्क आहेत की आमच्याकडे.”

“कुठे आहेत?”

“लॉकरमध्ये.”

“गळती होऊ शकते असं सगळ्यांनी लिहिलंय. मग मास्क कमरेला का नाही?”

“कमरेला लावला की वाकता येत नाही साहेब.”

साहेबांनी लॉकर उघडायला लावले. मास्कच्या डब्यांतून एकेक ऐवज बाहेर आला. कंगवे, सुईदोरा, चपलेचा तुटलेला पट्टा. माझ्या डब्यात बिस्किटांचा पुडा होता आणि मास्क त्याच्याखाली चेपला होता. पुन्हा हशा पिकला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “कागदावर तुम्ही एक मानता आणि डब्यात दुसरंच ठेवता. दर वेळी डब्यातलंच खरं निघतं.” आम्ही त्या वाक्यावर महिनाभर त्यांची नक्कल केली. मीच चांगली करायचे.

त्या संध्याकाळी मागच्या नळावर मी थोरलीला गाठलं.

“म्हणजे ताई, मी आत मेले तरी तुम्ही बाहेर उभ्या राहून नुसत्या सांगणार?”

ती बादली भरत होती. “मला खोटं लिहायला जमत नाही गं. नुसता विचार केला तरी माझे पाय गळतात.”

“मग आम्ही सगळ्यांनी खोटं लिहिलं?”

“तुमचं तुम्ही जाणा.” बादली भरली, तिने नळ बंद केला. “तू आत येशील का गं खरंच, माझ्यासाठी?”

“येणार नाही तर काय? भांडायला मला दुसरं कोण आहे?”

ती हसली. मला वाटतं तिला ते खरं वाटलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी जगात तेवढी एकच बाई होती, आणि मला त्याची किंमत नव्हती.

आता टोकनचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. गोठवायच्या खोल्यांकडे जाताना एक छोटी खोली लागते, तिथे भिंतीवर फळा आहे, खिळ्यांचा. प्रत्येकीला एक पितळी टोकन असतं, त्यावर तिचा नंबर. आत जाताना आपल्या खिळ्यावर टोकन अडकवायचं, बाहेर येताना काढून खिशात टाकायचं. फळ्यावर टोकन म्हणजे माणूस आत, खिळा रिकामा म्हणजे माणूस बाहेर. भोंगा वाजला की सुपरवायझरने फळा भिंतीतल्या आकड्यावरून उचलायचा, वजनकाट्यामागच्या मोकळ्या जागेत आणायचा आणि उरलेले नंबर पुकारायचे. सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणतो. चाळीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर हा नियम आहे आणि तो माणूस दोन्ही गोष्टी सेकंदावर मोजतो.

आणि जिथे घड्याळ असतं तिथे त्याला फसवायची युक्तीही असते. आम्ही तिला टोकनला कामाला लावणं म्हणायचो. टोकन फळ्यावर ठेवायचं आणि माल चढवायच्या दारातून मागे सटकायचं, पाच-सात मिनिटं उन्हात. उणे अठरात बोटं अशी होतात की स्वतःची वाटत नाहीत. त्यावर उन्हासारखं औषध नाही. सगळ्याच करायच्या, पण माझी कला वेगळी होती. मी अंगातला जाड, टोपीचा कोटही आत ठेवायचे. तिसरी खोली माझी. तिथल्या शेवटच्या रॅकच्या टोकाला एक लोखंडी कडी आहे. त्या कडीला कोट अडकवायचा, टोपी वर ओढायची, बाह्या पुढच्या खोक्यांवर टेकवायच्या. दाराला छोटी काच आहे, नेहमी धुरकटलेली. घड्याळाने त्यातून पाहिलं की कोणीतरी पाठमोरं काम करतंय असं त्याला दिसायचं. एकदा तर तो परत जाऊन दुसऱ्या बायकांना म्हणाला होता, एकतीस नंबरकडून शिका जरा. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो.

थोरलीने मला एकदा त्या मागच्या उन्हात पकडलं. उलट्या क्रेटवर पाय पसरून बसले होते.

“अगं धाकटे, टोकन तिकडे आणि तू इकडे? उद्या काही झालं तर तू कुठे आहेस ते कोणाला कळणार?”

“काही होत नाही हो ताई.”

“होत नाही ते ठीक. पण झालं तर? मी फळ्यावर तुझा नंबर बघितला तर मला काय वाटेल?” तिचे डोळे भरून आले होते. मला हसू येत होतं. “मला शब्द दे, यापुढे करणार नाहीस.”

“दिला.”

“नीट दे.”

“दिला हो ताई, नीट दिला. यापुढे टोकन तिथे मी, मी तिथे टोकन.”

ती वळली तेव्हा मी तिच्या पाठीला जीभ दाखवली. चार दिवस पाळलाही शब्द. पाचव्या दिवशी ऊन फार चांगलं पडलं होतं.

सकाळचे अकरा वाजायला आले होते. मी क्रेटवर बसले होते, बोटं उघडमीट करत. भोंगा वाजला तेव्हा मला आधी वाटलं, चष्मेवाल्या साहेबांची काहीतरी नवीन परीक्षा. मग वास आला. नाकातून डोक्यात सुई जावी तसा. मी उठले आणि पळाले. आत जावं, कोणी राहिलंय का बघावं, असलं काही मनात आलं नाही. ‘जिवाची पर्वा’ वगैरे शब्द आठवलेही नाहीत. मी वजनकाट्याच्या मागे पोचले तेव्हा तिथे माझ्याआधी फक्त दोघी होत्या, आणि त्या ऑफिसातल्या, दारालगत बसणाऱ्या.

मग बाकीच्या आल्या, खोकत, डोळे चोळत, कोणी अनवाणी. एकीच्याही तोंडावर मास्क नव्हता. काही तिथे थांबल्या, काही फाटकातून सरळ रस्त्याने पळत सुटल्या. सिलेंडरवाली दोन माणसं तयार होऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांना आधी यादी हवी होती. घड्याळ सगळ्यांत शेवटी आला, छातीशी फळा धरून. धाप लागली होती, पण नियमाप्रमाणे फळा आणला होता. त्या माणसाला मी तेव्हापासून हसलेले नाही.

फळ्यावर एकच टोकन होतं.

“एकतीस!” तो ओरडला. “तिसऱ्या खोलीत एकतीस!” सिलेंडरवाल्यांनी मास्क तोंडावर ओढले.

“मी इथे आहे,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. “टोकन का नाही काढलं?”

“घाईत राहिलं साहेब.”

“कोट कुठे आहे?”

“तोही राहिला. घाईत काढून टाकला.”

“सगळ्या बाहेर,” त्याने त्या दोघांना सांगितलं. त्यांनी मास्क पुन्हा कपाळावर चढवले. एकजण खाली बसला. वरून मुख्य झडप बंद झाली होती, गॅस थोडा ओसरला की आत जाऊन दुसरी बंद करायची, असं त्यांचं ठरलं. घाई कशाला करायची? आत कोणी नव्हतं.

तेव्हा कोणीतरी विचारलं, “थोरली कुठे दिसत नाही ती?”

मी वळून पाहिलं. निळ्या कोटांमध्ये ती नव्हती. घड्याळाने फळ्यावर बोट ठेवलं. बारा नंबरचा खिळा रिकामा. “टोकन काढलंय. बाहेर आलीय ती.”

“मग गेली कुठे?”

आणि मी बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी बोलले. “घरी पळाली असेल. लिहूनच दिलंय ना तिने, आत जाणार नाही म्हणून. आता दाराला कडी लावून पलंगाखाली बसली असेल.”

बायका हसल्या. इतक्या घाबरलेल्या असताना हसायला मिळालं म्हणून जास्तच हसल्या.

हसणं थांबायच्या आत माझी नजर त्या रिकाम्या बाराकडे गेली. ती दोन नंबरच्या खोलीत कामाला होती. बाहेर येऊन तिने आपलं टोकन काढलं, म्हणजे फळ्यासमोर उभी राहिली. फळ्यासमोर उभी राहिली म्हणजे एकतीस तिने पाहिला. आणि मी तिला शब्द दिला होता. टोकन तिथे मी.

मी स्वतःला म्हणाले, छे. ती जाणार नाही. पालीला घाबरते ती. तिचा फॉर्म मला त्या क्षणी तोंडपाठ होता: आत जाणार नाही, मला भीती वाटते, बाहेर जाऊन सांगेन. सांगायला इथे कुठे आलीय ती? आली असती तर सांगितलं असतं. आली नाही, म्हणजे घरी गेली. सहा आठवडे ज्या कागदावरून मी तिला चिडवलं, त्याच कागदाला मी घट्ट धरून बसले. तिनेच लिहिलंय, तिनेच लिहिलंय.

मी फाटकापर्यंत गेले आणि वॉचमनला विचारलं, “आमची थोरली गेली का इथून?”

“पळत सुटल्या बायका. कोण कोण ते मी बघत बसू?”

त्याला मी हो समजले आणि परत आले.

सिलेंडरवाले माझ्यापासून दहा पावलांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझं टोकन खोटं होतं, मी मागे उन्हात बसले होते, थोरली मला शोधायला आत गेली असेल, तिसऱ्या खोलीत बघा. वाक्य जुळवून तयार होतं, ओठांच्या आत. पण महिन्यापूर्वीच टोकनच्याच भानगडीत एकीला कायमचं घरी बसवलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि ही सगळी आत्ता माझ्या बोलण्यावर हसलेली. बोलले असते आणि थोरली खरंच पलंगाखाली निघाली असती तर? मी नोकरी घालवून, तोंडाला काळं फासून घेऊन उभी राहिले असते, आणि तेही एका भित्र्या बाईसाठी. असा हिशेब मी करत होते. मला वाटत होतं मी विचार करतेय. मी नुसती उभी होते.

घड्याळ दर मिनिटाला मनगट बघत होता, त्यामुळे मला आकडा माहीत आहे. बावीस मिनिटं.

मग ते दोघे दुसरी झडप बंद करायला आत गेले आणि लगेच बाहेर आले, तिला घेऊन. ती तिसऱ्या खोलीत मिळाली, शेवटच्या रॅकपाशी. तिच्या हातात एक कोट होता. दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, आत माणूस असल्यासारखा. तिचा स्वतःचा कोट अंगात होता आणि बारा नंबरचं टोकन खिशात. मास्क लॉकरमध्ये होता, आमच्या सगळ्यांसारखाच. त्या डब्यात मात्र दुसरं काही नव्हतं. मास्क आणि त्याची कोरडी पिशवी, एवढंच.

त्या धुरकट काचेतून तिला मी पाठमोरी दिसले असेन. हाका मारल्या असतील. मी वळत नाही म्हणून ती आत आली असेल, पाय गळत असताना. मला माहीत आहे ती कशी चालायची. आणि कोटाला हात लावल्यावर तो रिकामा आहे हे तिला कळलं असेल. पुढचा विचार मला करवत नाही आणि दुसरा कुठलाही विचार येत नाही.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं की सदर कामगार बाहेर आल्यानंतर कोट घेण्यासाठी पुन्हा आत गेली. दोन कोट का, हे कोणी विचारलं नाही. कदाचित कोणी मोजलेच नाहीत. मला विचारलं, तिला असं काही परत घ्यायला जायची सवय होती का? मी म्हणाले, वस्तू फार जपायची. तेही खरंच होतं. मी त्या दिवसांत एकही पूर्ण खोटं बोलले नाही.

लोक भेटायला आले. एका कोटापायी जीव घालवला, असं म्हणाले. भित्र्या माणसाचं असंच होतं, ऐन वेळी डोकं चालत नाही, असंही म्हणाले. मोठे दीर भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. एक दिवस आमचे हे मला म्हणाले, “वहिनी कोटासाठी परत जाईल? मला पटत नाही गं.”

“घाबरलेलं माणूस काहीही करतं,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दिवा घालवून झोपले. दोरी आता माझी एकटीची आहे, तरी मी अजून निम्म्याच दोरीवर कपडे घालते.

आमच्या सगळ्यांत एकच बाई खरंच आत गेली. जिने लिहिलं होतं जाणार नाही, ती. तिला मूर्ख ठरवलं गेलं आणि मी ते होऊ दिलं. तिचा जीव मी बावीस मिनिटांत घालवला. तिची अब्रू रोज घालवते, चहा पिता पिता.

तिची मुलगी आता आमच्याकडेच कामाला आहे, आईच्या जागेवर. वीस वर्षांची. बोलते आईसारखी हळू, पण पालीला घाबरत नाही. तिने बारा नंबरच मागून घेतला. पहिल्या दिवशी ती कोट घालून आली तेव्हा मी दारातच थांबले. कारखान्याने थोरलीच्या वस्तू घरी पाठवल्या होत्या, त्यात दोन कोट होते. एक ठिकठिकाणी कापावा लागला होता. दुसरा धडधाकट होता.

काल चष्मेवाले साहेब आले. वर्षभरात म्हातारे झाल्यासारखे दिसले. भाषण केलं नाही, लॉकर उघडायला लावले नाहीत, नुसते फॉर्म वाटले. मास्क आता कमरेला असतात. पहिले दोन महिने सगळ्यांच्या होते, आता निम्म्या जणींच्या असतील. सातवा प्रश्न तसाच होता, चार ओळी तशाच कोऱ्या. आजूबाजूला पेनांची कुरकुर चालली होती. धावत आत जाईन. सोडून जाणार नाही.

मी बराच वेळ काही लिहिलं नाही. घड्याळ खांद्यावरून वाकून म्हणाला, “सातवा रिकामा ठेवू नका, कागद परत येतो.” मग मी लिहिलं, ‘बाहेर जाऊन सांगेन.’ तिचं उत्तर, तिचेच शब्द. बरोबर उत्तर म्हणून ते मला माहीत होतं. त्या वेळीही माहीतच होतं.

पुतणी माझ्या शेजारी बसली होती. तिने मान वळवून कोटाची कॉलर उलटी केली. “काकू, एक विचारू? आईचा नंबर बारा ना? मग हिच्या आत एकतीस का लिहिलंय?”

वर्षभर मी स्वतःला सांगत आले होते की एवढं तिने विचारायचा अवकाश, मी सगळं सांगेन. मी आपण होऊन बोलू शकत नाही, पण तिने विचारलं तर. तिने विचारलं तर एका दमात. कुठे बसून सांगायचं तेही ठरवलं होतं, मागच्या नळापाशी. तिने मारलं तरी मार खायचा.

“धुवायला गेले की बदलतात गं कोट,” मी म्हणाले. “माझ्याकडे पण एकदा दुसराच आला होता.”

“असं होय.” तिने कॉलर सरळ केली. मग माझ्या कागदाकडे पाहिलं. “तू ‘सांगेन’ लिहिलंस? आईने पण हेच लिहिलं होतं ना? बाबा सांगत होते.”

“हेच.”

“मग मी पण हेच लिहिते.” ती पुढे वाकली आणि माझ्या कागदावरून एकेक शब्द उतरवायला लागली. मी कागद तिच्याकडे तिरका धरला. लिहिता लिहिताच ती म्हणाली, “मी आत राहिले तर तू असशील ना बाहेर सांगायला?”

“असेन की,” मी म्हणाले.